‘पाखरू’ होडीच्या चोरीचा तपास

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. खून नव्हता, दरोडा नव्हता, एका होडीची चोरी एवढाच गुन्हा. याहून मोठी प्रकरणं मी हाताळली, त्यांची प्रशस्तिपत्रं कपाटात पडून आहेत आणि त्यातली निम्मी मला आठवतही नाहीत. ही होडी मात्र डोक्यातून जात नाही. नावं कुणाचीच सांगणार नाही. माणसं अजून आहेत, आणि ज्याला त्याला आपापली इज्जत आहे.

त्या वेळी मी राधानगरीच्या बाजूला एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला धरणाचं पाणी. सकाळी हजेरी घ्यायची, स्टेशन डायरी बघायची आणि मग दिवसभर बांधावरची भांडणं, हरवलेल्या म्हशी, उसाच्या ट्रॉल्यांचे अपघात आणि पावसाळी सहलीला येऊन दारू पिणारे शहाणे. होडी चोरीला गेल्याची फिर्याद मात्र त्या ठाण्यात आजवर कुणी दिलेली नव्हती.

दिवाळी होऊन थंडी पडायला लागली होती. कोल्हापुरातले एक फौंड्रीवाले गृहस्थ सकाळी ठाण्यात आले. साठी उलटलेली, पांढरा शर्ट, हाताच्या नखांत वॉर्निश. सारा भाग त्यांना ‘मालक’ म्हणायचा, मीही तेच म्हणतो.

“साहेब, माझं पाखरू गेलं,” ते म्हणाले.

आमचा ठाणे अंमलदार मान वर न करता म्हणाला, “पिंजऱ्यातलं का मोकळं?”

मी त्याला गप्प केलं. पाखरू ही मालकांची शिडाची होडी होती. आपल्याकडं बैलाला, घोड्याला नाव ठेवतात तसं त्यांनी होडीला ठेवलं होतं. तरुणपणी ते कोकणात होड्या बांधणाऱ्या एका कारखान्यात कामाला होते. पुढं कोल्हापुरात फौंड्री काढली, ती मुलाच्या हातात दिली, आणि मग खाडीच्या चिखलात कुजत पडलेली एक जुनी लाकडी होडी ट्रकवर घालून घाट चढवून आणली. धरणाच्या काठावर शेड मारली. फळी अन् फळी काढून नव्यानं बसवली. लोक या वयात देवदर्शनाला जातात, हे शेडमध्ये जात. पावसाळाभर होडी शेडमध्ये असायची, दिवाळीनंतर रंग देऊन पाण्यात. डोलकाठीवर पांढरं शीड चढलं की रस्त्यानं जाणारे गाड्या थांबवून फोटो काढायचे. कोल्हापुरातल्या त्यांच्या मित्रमंडळात या होडीचा मोठाच बोलबाला होता.

आदल्या दिवशी होडी पाण्यात घातली होती, सकाळी बघतात तर खुंट रिकामा. मी फिर्याद लिहून घेतली, जागेचा पंचनामा केला, खबरे कामाला लावले.

दुपारच्या आत खबर आली. धरणाच्या फाटकाजवळ चहाची टपरी चालवणारा एक जण आमच्यासाठी कान उघडे ठेवायचा. त्यानं सांगितलं, “सायेब, त्यो मासेमारीवाला बगा की. मागल्या साली मालकाच्या होडीनं त्याची जाळी फाटली, तवा सगळ्यांम्होरं म्हणालाता, ‘एक दिस हिला तळाला घालवतो’.”

हा मासेमारीवाला पन्नाशीतला, विधुर, कमी बोलणारा माणूस. पाण्याकाठच्या त्या गावात त्याच्या घराण्याला एक मान होता. धरण झालं तेव्हा देवीच्या जुन्या देवळाची वाट पाण्याखाली गेली आणि देऊळ पलीकडच्या टेकडीवर उरलं. तेव्हापासून जत्रेला पालखी होडीतून जाते आणि ती होडी याच्या घराण्याचीच असते. होडीत पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला तोच कुंकू लावतो, मग वल्हं हातात घेतो. जत्रा चार दिवसांवर आली होती.

झोपडीची झडती घेतली. कोपऱ्यात पांढऱ्या दोरखंडाचं एक वेटोळं निघालं. जाड, विणीचा, बाहेरून मागवलेला दोर. असला दोर त्या पंचक्रोशीत फक्त पाखरूवर होता.

“हा कुठला?” मी विचारलं.

“मालकांनीच दिल्ताय.”

“कशाबद्दल?”

त्यानं खाली बघितलं. “दिल्ताय, येवढंच.”

मी मालकांना बोलावून घेतलं. दोर बघताच त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, ओळखीच्या माणसानं दगा दिला म्हणून पडला असेल.

“हा दोर तुम्ही याला दिला होता का?”

मालक म्हणाले, “आठवत नाही.”

एवढ्या दोन शब्दांवर मी त्या माणसाला अटक केली. त्याच्या मनात खुन्नस होती, त्यानं धमकी दिली होती, मुद्देमालातला म्हणावा असा दोर घरात सापडला होता आणि दोराचा खुलासा येत नव्हता. आजही कुणी कागद तपासले तर माझ्यावर बोट ठेवता येणार नाही. हात उगारला नाही, नातेवाइकांना कळवलं, वैद्यकीय तपासणी केली, वेळेत कोर्टापुढं उभा केला. सगळं नियमानं. जीप पाण्यापर्यंत जात नव्हती म्हणून त्याला दंडाला धरून गावातून चालवत आणला, देवळाच्या पटांगणातून, जिथं जत्रेचा मांडव घालणं चाललं होतं. मांडवावरची माणसं खाली उतरून बघत राहिली. वाट तीच होती, दुसरी नव्हती.

ठाण्यात बोटांचे ठसे घेतले. पाण्यात आणि जाळ्यात काम करून त्याच्या बोटांना भेगा पडलेल्या. हवालदाराला ठसा नीट उठवता येईना. मी टेबलावरून ओरडलो, “अंगठा नीट दाब त्याचा, पुसट आला तर परत पाठवतील.”

कोठडीत चौकशी केली. सराईत चोर चौकशीत जास्त बोलतो, निर्दोष माणूस रडतो नाहीतर चिडतो, असा माझा अनुभव. हा तिन्हीतलं काही करेना.

“होडी कुठं आहे?”

“म्हायीत न्हाई, सायेब.”

“दोर का दिला मालकानं?”

“त्ये मी सांगू शकत न्हाई.”

“सांगू शकत नाहीस की सांगायचं नाही?”

“कसं बी म्हणा.”

असल्या उत्तरांनी माझं डोकं फिरतं. मी टेबलावर हात आपटला, म्हणालो, “तुझ्या तोंडावर कुलूप आहे ना, मग दारावर पण राहू दे.” त्यानं फक्त एकदा विचारलं, “पालकीपत्तोर सुटीन न्हवं?” मी म्हणालो, पालखीचं नंतर बघू, आधी होडीचं बोल.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मालकांच्या शेडवर गेलो. चोरानं होडी ट्रकवर घालून घाटाखाली नेली असेल तर शेजारच्या ठाण्यांना वर्णन कळवावं लागणार होतं. लांबी किती, रंग कुठला, खूण काय, असले साधे प्रश्न. मालक एका वल्ह्याला वॉर्निश देत बसले होते. होडी नाही आणि हा माणूस तिचं वल्हं रंगवतोय, याचं मला जरा नवल वाटलं, पण छंदिष्ट माणसाचं काही सांगता येत नाही.

होडीचं नाव काढलं आणि त्यांची कळी खुलली. सागवानी फळ्या, तांब्याचे खिळे, फटींत ठासून भरलेलं सूत, त्यावर लांबीचा लेप. शीड कसं वाळवून गुंडाळायचं, घडी एकाच जागी का मोडायची नाही. मी पोलीस, मला यातलं काय कळणार. पण ते इतकं जीव लावून सांगत होते की मी ऐकत राहिलो.

“लाकडी होडी म्हंजे जित्राब हाय, साहेब,” ते म्हणाले. “शेडमध्ये राहिली, ऑक्टोबरचं ऊन लागलं, की फळ्या आकसतात. मग पाण्यात घातली की पैले दोन-तीन दिवस पाणी पितीच. खुंटाला बांधून ठेवायची, पाणी उपसत राहायचं. फळ्या फुगल्या की फटी आपोआप मिटतात. तवर तिच्यात पाय ठेवायचा न्हाई. नवशिका असला तर मधीच बसवंल तळाला.”

मी वर्णन लिहून घेतलं, चहा घेतला, जीपमध्ये जाऊन बसलो. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली आणि मी त्याला बंद करायला सांगितलं. परत शेडमध्ये गेलो.

“मालक, एक राहिलं. तुम्ही तिला पाण्यात घातली आणि दुसऱ्या सकाळी ती नव्हती. म्हणजे तेव्हा ती पाणी पीत होती. मग चोरानं नेली कशी?”

मालकांचा ब्रश थांबला.

त्यांना सुटायला जागा होती. चोर पाणी उपसत गेला असेल म्हणाले असते, यंदा फटी चांगल्या बुजवल्या होत्या म्हणाले असते, तर मी मान डोलावून निघून गेलो असतो. मला कुठं त्यातलं कळत होतं. पण माणसाबद्दल खोटं बोललेला हा गृहस्थ, होडीबद्दल मात्र त्याला खोटं बोलवेना. त्यांनी वल्हं बाजूला ठेवलं. मग शर्टाच्या खिशात हात घातला आणि एक लाकडी बूच काढून माझ्यासमोर ठेवलं. होडीच्या तळाला भोक असतं, काठावर ओढली की आतलं पाणी जायला, त्याचं ते बूच.

“मीच बुडवली,” ते म्हणाले. “वळणापलीकडं डोंगरात पाणी शिरलंय, त्या खोबणीत. रात्री काठानं चालत दोरानं ओढत नेली, दगड घातले अन् बूच काढलं.”

“आणि हे खिशात घेऊन फिरताय?”

“टाकवलं न्हाई. परत काढायची होती की तिला.”

मी आधी चिडलो. आवाज चढवून विचारलं, कशासाठी हा उपद्व्याप, विमा आहे का, कुणाशी दावा आहे का. ते मान हलवत राहिले. शेवटी जे सांगितलं ते माझ्याकडं न बघता सांगितलं.

मागच्या हंगामात मालक एकटे होडी घेऊन गेले होते. दोन डोंगरांच्या मधून एकाएकी वारा आला, शिडाचा आडवा वासा फिरून डोक्यावर बसला, होडी कलंडली आणि मालक दोरात पाय अडकून पाण्याखाली. जवळच जाळी टाकत असलेल्या त्या मासेमारीवाल्यानं उडी मारली, कोयत्यानं दोर कापला आणि त्यांना वर काढलं. ज्याची जाळी यांनी फाडली होती, तोच. काठावर आल्यावर मालकांनी त्याचा हात धरून सांगितलं होतं, कुणाला बोलू नकोस. कापलेला दोर होडीवर परत चढवणं जमणार नव्हतं, तो त्यालाच देऊन टाकला.

“तवापासनं पाण्याची भीती बसली, साहेब. खुंटाला बांधलेल्या होडीत बसलो तरी लगीच खाली उतरतो. आख्खी होडी मी हातानं केली अन् मलाच तिच्यात बसवत न्हाई. कुणाला सांगू?”

सांगितलं तर नव्हतंच, उलट बोलून बसले होते. मित्रांच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या पंगतीत कुणीतरी डिवचलं, ‘होडी नुसती फोटोपुरतीच काय मालक?’ आणि मालक ताटावरून म्हणाले, जत्रेदिवशी या सगळी, एकटा शीड उभारून पलीकडच्या काठाला जाऊन येतो. आमच्या कोल्हापूरची ही खोड मला पक्की ठाऊक आहे. चारचौघांत तोंडातून शब्द गेला की माणूस घर मोडेल, पण शब्द परत घेणार नाही.

“अहो, आजारी आहे म्हणायचं.”

“मग पुढची तारीख धरली असती की त्यांनी. किती येळा आजारी पडू? म्हटलं, होडीच न्हाई म्हटल्यावर कोण इचारंल. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“त्या मुठीत दुसऱ्याची मान होती, मालक. दोर आठवत नाही म्हणालात.”

“दोर आठवतो म्हटलं असतं तर का दिला त्येबी आठवाय लागलं असतं.” एवढं बोलून ते ओंजळीत तोंड घालून रडले. साठी उलटलेला, शेकडो माणसांना कामाला लावलेला माणूस असा रडताना बघणं चांगलं नसतं. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

बाकी सगळं कागदोपत्री. खोबणीतून होडी काढली, पंचनामा केला, मालकांचा जबाब घेतला. फिर्याद खोटी निघाली की आम्ही कोर्टात ‘ब समरी’ पाठवतो, तशी पाठवली, खोट्या फिर्यादीची पुढची कारवाई ठेवली. मासेमारीवाल्याला सोडायचा अहवाल दिला आणि तो सुटला.

सुटताना तो माझ्या टेबलासमोर उभा होता. तंबाखूची पिशवी आणि टोपी परत घेतल्याची सही करत होता. मी त्याला बसायला सांगितलं. चौकशीत ‘तू’ म्हणालो होतो, आता तोंडातून ‘तुम्ही’ आलं, आणि ते ऐकून मलाच कसंसं झालं.

“तुम्ही त्यांचा जीव वाचवला होता. मला का नाही सांगितलं?”

“शबुद दिल्ता. बोललो असतो तर माणूस उघडा पडला असता.”

“आणि तुम्ही आत बसलात त्याचं काय?”

“म्या केलंच नव्हतं की,” तो म्हणाला. “तुमी हुडकून काढशीला असं वाटलं.”

इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्यावर कुणी एवढा भरवसा टाकला नव्हता. आणि मी त्याला कुलपाचं बोललो होतो.

मला वाटलं, सुटला म्हणजे प्रश्न मिटला. मी स्वतः गावात जाऊन पंचांना सांगितलं की हा माणूस निर्दोष आहे. गावानं तोवर पालखीचा मान दुसऱ्या होडीला दिला होता. एक म्हातारे पंच पान लावता लावता म्हणाले, “तुमी म्हणताय सुटला. सुटला म्हंजे केलं न्हाई, असं कुठं हाय, सायेब? मोटी मोटी सुटत्यात. देवीची होडी हाय, डाग लागलेला हात न्हाई चालत.” मी वर्दीत होतो, तरी माझ्या शब्दाला तिथं किंमत नव्हती. दंडाला धरून नेताना मला सगळ्यांनी बघितलं होतं, सोडताना कोण बघायला आलं होतं?

हे मी मालकांना कळवलं. तुम्ही यायला पाहिजे, असं मात्र म्हणालो नाही. कायद्यानं तसं सांगता येत नाही.

जत्रेदिवशी मी बंदोबस्ताला घाटावर होतो. पालखी पाण्याजवळ आली, दुसऱ्याची होडी फुलं लावून तयार होती. मासेमारीवाला गर्दीच्या मागं, लांब एका दगडाशी उभा होता. मालकांचे कोल्हापूरचे मित्रही आले होते. होडी चोरीला गेली तरी जत्रेचं मटण कोण सोडतो? तेवढ्यात मालक गर्दीतून पुढं आले, चपला काढल्या, पालखीपुढं उभे राहिले. बरोबर मुलगा नव्हता, कुणी नव्हतं.

“ऐका सगळी,” ते म्हणाले. मागून कुणीतरी ओरडलं, मोठ्यानं बोला. मग ते मोठ्यानं बोलले. “होडी चोरीला गेली न्हवती. मीच बुडवली. मला पाण्याची भीती वाटती अन् ते सांगायची लाज वाटत हुती, म्हणून. गेल्या साली ह्या माणसानं मला बुडताना काढला अन् मी त्याला चोर केला. दोर मीच दिलावता.”

त्यांचे मित्र एकमेकांकडं न बघता पाण्याकडं बघत होते. मालक दगडाकडं जाऊन मासेमारीवाल्याचे पाय धरायला वाकले, त्यानं मधेच धरून उभं केलं. पान लावणारे ते पंच उठले आणि म्हणाले, “आण रं तुजी होडी.” ज्या होडीला मान दिला होता, तिच्या धन्यानं आपणहून फुलं काढून दिली.

मासेमारीवाल्यानं आपली होडी घाटाला लावली. हातात कुंकवाचं ताट घेतलं. पालखी चढली, पंच चढले. मग तो मालकांना म्हणाला, “या. मधी बसा, कडंला नगा बसू.” मालकांनी एकदा पाण्याकडं बघितलं. तरी ते चढले आणि दोन्ही हातांनी बसायची फळी गच्च धरून बसले.

या प्रकरणानं मला काय शिकवलं ते एवढंच. लोभानं बोललेलं खोटं उघडतं, भीतीनं बोललेलं त्याहून लवकर. पण लाजेपोटी बोललेल्या खोट्याला माणूस जिवापाड सांभाळतो, दुसऱ्याचा बळी गेला तरी. आणि एखाद्याला सोडून दिलं म्हणजे त्याचं घेतलेलं परत दिलं असं होत नाही. हे मला कुठल्याच प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

मी घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभा होतो. होडी आता सुटेल म्हणून मागं सरकलो, तर तो म्हणाला, “सायेब, तुमी बी या की.”

नको म्हणायला तोंड उघडलं होतं, पण सगळं गाव बघत होतं. टोपी काढून मी होडीत पाय ठेवला आणि त्याच्यापुढं वाकलो. त्यानं ताटातलं कुंकू घेतलं. तेव्हा माझं लक्ष त्याच्या अंगठ्याकडं गेलं. भेगाभेगांतून आमची ठशांची काळी शाई तशीच होती, धुऊन गेली नव्हती. तो अंगठा त्यानं माझ्या कपाळावर टेकवला आणि नीट दाबला.